तिंबणं म्हणजे किती

जोडे शिवता शिवता बाबांनी साठी ओलांडली, पण त्यांना कधी कुणी शब्दाचा अर्थ विचारला नव्हता. विचारला तो त्यांच्याच लेकीने, आणि तोही नेमक्या नको त्या आठवड्यात.

दुकानामागच्या खोलीत त्यांची थोरली बहीण राहायची. तिचा डावा पाय जन्मापासून आत वळलेला. बाजारातला एक जोडा त्याला बसेल तर शपथ. दर दोन वर्षांनी बाबाच तिला नवा शिवून देत. जुन्याची टाच खचल्यापासून ती तीन आठवडे घरात अडकली होती आणि हे गृहस्थ रोज नवी सबब सांगत होते. आज दोरा संपला, उद्या कातडंच धड नाही. खरी गोष्ट अशी की त्यांचे दोन्ही अंगठे बधिर झाले होते. कातड्याचे दोन तुकडे तिंबता तिंबता पार लुळे पडले, ते त्यांनी बाकाखाली सारले आणि तोंडाला कुलूप घातलं. भित्रा माणूस! पण अशा वेळी कोण शूर असतं?

लेक कारागिरी शिकवणाऱ्या शाळेत होती. धंद्यातल्या शब्दांचे अर्थ लिहायला ती वही उघडून बसली. "बाबा, 'तिंबणे' म्हणजे मऊ करणे, असं लिहू?"

"मऊ तर पाणीही करतं," बाबा उखडले. "भिजवलेलं कातडं दाबायचं, चुरायचं, ओढायचं. पायाचं ऐकेल इतकं नरम, पण घोटा धरून ठेवेल इतकं घट्ट. जास्त झालं की त्यातला जीव जातो."

"पण किती वेळ?"

"अंगठ्याला कळतं."

"मग वहीत तुमचा अंगठा चिकटवू?"

एरवी ते खदखदून हसले असते. आज त्यांनी अंगठ्यांकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "चिकटव," ते म्हणाले. "मला तरी त्याचा आता काय उपयोग? त्याला काही कळेनासं झालंय."

दारात आत्या अनवाणी उभी होती. "मागचा जोडाही चावायचा, बाळ्या. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

"दोन वर्षं चावून घेतलंस?"

"आणि तू बाकाखाली काय लपवलंयस?"

बाबांनी भिजत घातलेला तुकडा टपातून काढला आणि तिंबायला घेतला. थोड्या थोड्या वेळाने ते तो आत्याच्या हातात देत. ती डोळे मिटून गालाला लावून बघे आणि परत करी. "अजून." मग पुन्हा, "अजून थोडं." पाचव्या खेपेला तिने तो गालावरून काढलाच नाही. "बास," ती म्हणाली.

लेकीची वही अजून उघडीच होती. "मग किती वेळ लिहू, बाबा?"

बाबांनी ओले हात पुसले. "लिही, ज्याचा पाय त्याला विचारून."