बाईंची रविवारची फेरी

"जरा बघून येते," म्हणत बाई उठायच्या आणि समोरचा चहा तसाच राहायचा. धुळ्याच्या आमच्या शाळेत त्या चित्रकला शिकवत. स्टाफरूममध्ये आम्ही सगळे खुर्च्यांत, आणि या खिडकीशी उभ्या. कधी पर्सची चेन उघड-बंद चाललेली, कधी नजर घड्याळावर. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. त्याच्याशी बोलताना आपलीच गाडी सुटतेय असं वाटत राहतं.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा सुमार असावा. बाईंची आई गेली म्हणून मी भेटायला गेलो, तेव्हा ही घाई कुठून येते ते कळलं. बाई कोपऱ्यावरून दूध घेऊन येत होत्या आणि घराला बाहेरून कडी होती. आत त्यांचा धाकटा भाऊ. तिशीतला, चांगला उंचापुरा. बोलणं जवळजवळ नाहीच, 'अक्का' एवढा एक शब्द. रस्त्यात हॉर्न वाजला, शेजारी कुकरची शिट्टी झाली, की दोन्ही कान दाबून ओरडायचा. आजवर आई त्याच्यापाशी असे. आता बाई शाळेत आल्या की तो एकटा.

धरणगावहून मामा आले होते. त्यांना सगळे नाना म्हणत. घरची कापसाची शेती, माणूस शब्दाला वजन असलेला.

"बेटा, हाई कितला दिन चालई?" ते म्हणाले. "मळ्यात मागे खोली शे. राहू दे त्याले तठे."

"नाना, मागच्या खोलीत टाकायला तो काय कापसाचं गाठोडं आहे?"

नानांनी पायांत वहाणा घातल्या. पण जाताना दारात थांबून म्हणाले, "दिवाळीनंतर येस मी."

त्यानंतरच्या आठवड्यात बाईंनी मला व्हरांड्यात गाठलं. "सर, तुम्ही इतिहास शिकवता. गावात जुने दगड कुठं कुठं आहेत?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी सांगितलं. भावाला दगडाचं वेड होतं. घराच्या जोत्याचा दगड तो तळव्यानं चाचपत बसायचा आणि तेवढा वेळ शांत असायचा. मी जुन्या धुळ्यातली दोन-चार दगडी दारं सांगितली, पांझरेकाठच्या देवळांच्या पायऱ्या सांगितल्या. अशी रविवारची फेरी सुरू झाली.

शनिवारी बाई एकट्या सगळी वाट चालून यायच्या. लग्न कुणाकडे आहे, बँड कुठून निघणार, कुत्री कुठं बसतात, सगळं बघायच्या. वाटेत एक पिठाची गिरणी होती. तिच्या मालकाला त्यांनी भीत भीतच विचारलं. तो हातावरचं पीठ झटकत म्हणाला, "ताई, तो आपलाच शे. तुम्ही जाईपावत बंद ठेवस मी."

हळूहळू आणखी दोघं आली. एक गल्लीतले आबा. कापसाच्या जिनिंगमध्ये उभा जन्म गेलेला, आता डोळ्यांनी दिसेनासं झालेलं. "मी काय बघू?" म्हणाले, तर बाई म्हणाल्या, "बघू नका आबा. हात लावा." दुसरी एक शिवणकाम करणारी मुलगी, कुबड्यांवर चालणारी. तिच्यासाठी बाई बिनपायऱ्यांची वाट शोधायच्या. मी माहिती सांगायला लागलो की माझा वर्गातला आवाज चढायचा. "सर, हळू. आणि थोडंच," बाई म्हणायच्या. माझ्या कित्येक लढाया अशा अर्ध्यावर थांबल्या.

आम्ही सगळे गोगलगायीसारखे, आणि बाई पुढे जाऊन बघून यायच्या, मागे येऊन आम्हाला हाकायच्या. त्यांच्या चपलांचा अंगठा कायम तुटलेला असे.

दिवाळी झाली आणि नाना आले. भावाच्या कपड्यांची पिशवी भरायला सांगितली. बाई म्हणाल्या, "उद्या पारोळ्याच्या किल्ल्यात चला आमच्याबरोबर. मग बोलू."

बाजाराचा दिवस नव्हता. मेटॅडोर करून आम्ही सकाळी लवकरच किल्ल्यात पोचलो. भावानं तटाला दोन्ही तळवे लावले, मग गाल लावला. आणि हसला. मी त्याला हसताना पहिल्यांदा ऐकलं. नाना बघत होते.

तेवढ्यात कुठल्याशा शाळेची सहल आत शिरली. मुलांचा गलका, मास्तरांची शिट्टी. भाऊ ओरडत सुटला तो थेट खंदकाच्या बाजूला. कडेच्या पडक्या भिंतीशी उकिडवा बसला आणि डोकं भिंतीवर आपटू लागला. बाई धावल्या. जवळ गेल्यावर मात्र थांबल्या आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर मातीत बसल्या. हाक मारली नाही, धरलं नाही.

आबांनी आधाराला माझा हात मागितला. त्यांना मास्तरांपर्यंत नेलं. "मास्तर, शिट्टी नका वाजाडू," ते म्हणाले. "आठे एक जण घाबरेल शे." मास्तरांनी शिट्टी खिशात टाकली आणि मुलांना सावलीत बसवलं. एवढी पोरं, पण चिमण्या ऐकू येऊ लागल्या.

डोकं आपटणं चालूच होतं. नाना आवाज न करता पुढे गेले. खांद्यावरचं उपरणं काढलं, घडी घातली, आणि भाच्याचं कपाळ जिथं लागत होतं तिथं दगडावर धरलं. वाकून तसंच धरून राहिले. बऱ्याच वेळानं भावानं कानावरचा एक हात काढला आणि बाईंचा पदर शोधून मुठीत घेतला.

धुळ्याला स्टँडवर उतरताना नाना म्हणाले, "बेटा, त्या खोलीमा आते कडबा भरसू."

पुढे दोनेक वर्षांनी बाईंना नाशिककडची एक संस्था कळली. अशा मोठ्या माणसांना हातकाम शिकवणारी. तिथं त्यांनाही शिकवायचं काम मिळत होतं, पगार निम्मा. हेडमास्तर म्हणाले, "बाई, पर्मनंट नोकरी आहे. सोडू नका."

"माझी पर्मनंट आहे, सर. त्याचं काहीच नाही."

वर्ष अर्ध्यावर असतानाच त्या गेल्या. मी दोन रविवार आबांना घेऊन फिरलो. तिसऱ्या रविवारी मला जमलं नाही, नंतर आबांनीही विचारलं नाही.

मार्चमध्ये बाईंच्या घरावरून गेलो. घरमालक नव्या भाडेकरूसाठी खोली रंगवत होता. खिडकीखालच्या भिंतीवर माणसाच्या बसत्या उंचीला तळव्याएवढी तेलकट, गुळगुळीत झालेली एक जागा होती.

"चुन्याचे दोन हात दिले," तो म्हणाला, "तरी वर येतंय." आणि ब्रश बुडवून तिसरा हात देऊ लागला.