कोन्या गावचे तुम्ही?

जिज्ञासा हा शब्द मी वर्गात दरवर्षी फोडून सांगतो. मूळ संस्कृत, ‘ज्ञा’ म्हणजे जाणणे, त्यावरून जिज्ञासा, म्हणजे जाणण्याची इच्छा. मुलं माना डोलावतात. घरोघरी याच गोष्टीला ‘नसत्या चौकशा’ म्हणतात, हे त्यांनाही ठाऊक असतं आणि मलाही.

माझे वडील, दादा, या नसत्या चौकशांचे बादशहा. आमच्या गावच्या, वाटूरच्या फाट्यावर जीपची वाट पाहणारा एकही माणूस त्यांच्या तावडीतून सुटला नसेल. “कोन्या गावचे तुम्ही? सासरवाडी कोनती?” असं करत करत ते कुठून तरी नातं उकरून काढत आणि तोवर आमची जीप निघून जाई. मी जाम वैतागायचो. पण आमच्याकडे रिवाज असा, की विचारणाऱ्यालाही तेवढंच सांगावं लागतं. समोरचाही मग दादांचं सगळं घरदार विचारून घेई. आईचं माहेर सांगताना दादांचा आवाज हमखास चढायचा.

आई गेली आणि मी दादांना जालन्याला घेऊन आलो. इथे ते कोणाला काही विचारीनात. शेजारी नवं बिऱ्हाड आलं, समोर बोअर घेतला, दादा आपले भिंतीकडे बघत बसलेले. जेवण ठीक, बीपी ठीक. डॉक्टर म्हणाले, वय झालं आता. मला ते बिलकुल पटलं नाही. ज्या माणसाची जाणण्याची इच्छाच संपली, त्याचं पुढे काय होतं? मला भीती वाटायला लागली.

परवा चष्म्यासाठी त्यांना ऑटोने जुन्या जालन्यात नेत होतो. कापडाच्या दुकानांच्या गल्लीत ऑटो अडकला. मागेपुढे हॉर्नचा नुसता कल्ला. अचानक दादा पुढे वाकले.

“कोन्या गावचे तुम्ही?”

“परतूरचा, काका. तुम्ही?” ऑटोवाल्याने विचारलं.

“वाटूर.”

“मंग जवळचेच की! घरी कोन-कोन असतं? काकू बऱ्या हायेत ना?”

मी मधेच उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर दादांनी माझ्या गुडघ्यावर हात दाबला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतके महिने त्यांनी कोणाला काही विचारलं नव्हतं, कारण विचारलं असतं तर हे सांगावं लागलं असतं.

“न्हाई. वारली ती,” दादा म्हणाले. हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

ऑटोवाला ओशाळून पुढे बघायला लागला. दादांनी रुमालाने डोळे पुसले, घसा खाकरला.

“अन् तुमची सासरवाडी कोनती?”