सबीहाआपांचा शिक्का

बाळापूरच्या बसस्टँडसमोर सबीहाआपांचं टायपिंगचं दुकान होतं. बस बंद पडली होती त्या दिवसांचा विषय निघाला की आपा आजही आधी हसतात आणि मग पदरानं डोळे पुसतात.

दोन वर्षं पावसानं दगा दिला होता, कपाशी गुडघ्याच्या वर गेली नव्हती, आणि त्यातच चार खेड्यांतून बाळापूरमार्गे अकोल्याला जाणारी सकाळची बस बंद झाली. त्यातल्याच एका खेड्यातल्या शेतकरी खुशालरावांची मुलगी प्राजक्ता त्याच बसनं कॉलेजला जायची. अकोल्यात खोली करून देणं त्यांच्या आवाक्यात नव्हतं. दिवाळीपर्यंत बस सुरू झाली नाही तर पोरीचं लग्न उरकायचं, हे त्यांनी ठरवूनच टाकलं.

प्राजक्ता आपांची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी. आपांचं डोकं फिरलं. बस पुन्हा सुरू करा, असा त्यांनी आमदारांच्या नावे इंटरनेटवर अर्ज टाकला. लोकांनी त्याच्याखाली सह्या करायच्या, म्हणजे तो थेट आमदारांच्या ईमेलवर जाणार होता. बाजाराच्या दिवशी त्यांनी भोंग्याचा ऑटो फिरवला. वेबसाइटचा लांबलचक पत्ता भोंग्यावरून कोण सांगणार? म्हणून ‘आपांच्या दुकानात या’ एवढंच.

लोक आले. नाव आणि मोबाइल नंबर सांगायचे, आपा बटण दाबायच्या. पण उठायला कोणी तयार होईना. म्हाताऱ्या नत्थुजींनी तर खुर्चीच धरून ठेवली.

"अर्ज देल्ला, मंग पोच कुठी हाय? बिना पोचचा अर्ज कोन मानते?"

सरकारी कचेऱ्यांत घासलेल्या चपलांचा अनुभव होता तो. स्क्रीनवरचं ‘धन्यवाद’ दाखवून काही भागेना. शेवटी आपांनी प्रत्येकाच्या सहीचं पान छापलं, तारीख टाकली आणि वर दुकानाचा गोल शिक्का हाणला. कागद घडी होऊन खिशात गेला की माणूस उठायचा. आपांना मात्र मनातून लाज वाटायची. टायपिंगच्या दुकानाच्या शिक्क्याला कोण विचारतं?

सहाशे बारा सह्या झाल्या. उत्तर काही येईना. दिवाळी आठ दिवसांवर आली तशी आपा, प्राजक्ता आणि चाळीसेक माणसं अकोल्याला आमदारांच्या कार्यालयात जाऊन धडकली. तिथल्या सहायकानं कॉम्प्युटरकडे न बघताच सांगितलं, असा कुठलाही अर्ज आलेला नाही.

तेवढ्यात नत्थुजींनी बंडीच्या खिशातून आपली पोच काढली आणि टेबलावर ठेवली. मग दुसऱ्यानं ठेवली, तिसऱ्यानं ठेवली. घामानं मऊ पडलेल्या कागदांचा ढीग झाला, प्रत्येकावर तारीख आणि शिक्का. गडबड ऐकून आमदार स्वतः बाहेर आले. त्यांनी चार-पाच कागद उलटून पाहिले आणि उभ्या उभ्याच एसटीच्या आगारात फोन लावला.

दिवाळीच्या पाडव्याला बस सुरू झाली. प्राजक्ता शिकली, अकोल्यात शिक्षिका झाली. आपांचं दुकान केव्हाच बंद झालं.

गेल्या महिन्यात प्राजक्तानं आपांच्या मोबाइलवर एक लिंक पाठवली. शाळेसमोर गतिरोधक हवा म्हणून आमदारांना अर्ज होता. आपांनी घरबसल्या सही केली. पण काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं, म्हणून त्यांनी गमतीनं लिहिलं, ‘मायी पोच?’

रविवारी सकाळी प्राजक्ता त्याच बसच्या परतीच्या फेरीनं बाळापुरात उतरली. आपांच्या सहीचं पान तिनं छापून आणलं होतं. दुकानाचा जुना शिक्का तिनं आपांच्या कपाटातून शोधून काढला, वाळलेल्या पॅडवर पाण्याचे चार थेंब टाकले आणि कागदावर दाबला. फिकट उमटला, पण उमटला.

"तवा समद्यायले पोच देल्ली, आपा. तुमचीच राह्यली होती."

आपांनी कागदाची घडी घातली, बटव्यात ठेवली, आणि मगच त्या चहा ठेवायला उठल्या.