भिंतीला टेकलेला हात

विहिरीजवळच्या शेवाळावरून घसरून माझा उजवा खांदा मोडला, तेव्हा मुलगी आठ महिन्यांची होती. शिरोड्याच्या घरात सासूबाई, मी आणि ती. नवरा दुबईत नोकरीला. हात कित्येक आठवडे छातीशी बांधलेला होता. पट्टी सुटली तोवर हाड जुळलं होतं, पण खांदा आखडून गेला. हात कमरेच्या वर जाईना.

एकदा डाव्या हाताने मुलीला उचलायला गेले आणि ती निसटली. कपाळाला टेंगूळ आलं. सासूबाई धावत आल्या.

"तू नको उचलू गो तिका," एवढंच म्हणाल्या. रागावल्या नाहीत. पण त्यानंतर माझाच धीर खचला. दूध पाजायला त्या तिला माझ्या मांडीवर ठेवत आणि पोट भरलं की घेऊन जात. हळूहळू पोर रडली की त्यांच्याकडेच झेपावू लागली. दुबईला नवऱ्याला पाठवायच्या कॅसेटवर आवाज भरताना मी "सगळं ठीक आहे" म्हणायचे आणि टेपरेकॉर्डर बंद करून रडायचे.

नाताळात शेजारच्या ख्रिस्ती घरातली मुलगी सुट्टीवर आली. गोव्यातल्या एका इस्पितळात ती हाडं मोडलेल्यांना व्यायाम शिकवायची. तिने मला ओसरीच्या भिंतीशी उभं केलं, कोपर अंगाला चिकटवलं आणि मुठीची पाठ भिंतीला टेकवली.

"जोर लाव, पण हात हलूचो नाय."

"हलूचोच नाय तर उपेग काय?"

"सांधो न हलवता ताकद येता. थोडा दुखात. कळ मारली तर सोड."

काही दिवसांनी तिने दुसरा व्यायाम दिला. उताणं झोपायचं, पाट्यावरचा वरवंटा दोन्ही हातांत धरायचा आणि हळूहळू डोक्यामागे न्यायचा. जिथे अडेल तिथे थांबून वजनालाच हात ताणू द्यायचा. एवढं शिकवून ती गोव्याला परत गेली.

मी रोज भिंतीशी झगडायचे. भिंत जागची हलत नव्हती आणि माझा हातही. मुलगी रांगायला लागली, उंबरा धरून उभी राहू लागली. एका दुपारी मी वरवंटा ढकलून दिला आणि जमिनीवर तशीच पडून राहिले. आता हे पोर माझं उरलं नाही, असंच वाटत होतं. सासूबाईंनी वरवंटा उचलून माझ्या उशाशी ठेवला. त्या दिवसापासून वरवंटा माझ्याकडेच राहिला आणि त्या चटणी शेजारच्या घरी वाटून आणू लागल्या.

आंबे उतरायच्या सुमारास हात खांद्याएवढा वर गेला. त्यापुढे तो कधीच गेला नाही. वेणी मी अजूनही पुढे घेऊनच घालते. पण त्या आठवड्यात मी दोन्ही हातांनी मुलीला उचललं. तिने माझ्याकडे पाहिलं, ओठ काढले आणि आजीकडे झुकली. सासूबाईंनी हात पाठीमागे घेतले.

"आवशीकडे रव," असं तिला सांगून, तिला आईपाशीच सोडून त्या आत निघून गेल्या.

ती मोठमोठ्याने रडू लागली. माझ्या छातीला पाय मारत होती, दाराकडे बघत होती. खांदा ठणकत होता. मी तिला खाली ठेवलं नाही. ती दमून गप्प होईपर्यंत तशीच अंगणात फिरत राहिले.