वेणीनं बाद झालेला गडी

महानंदा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात कात्री होती. परभणीत माझा शिवणक्लास आहे. समोर पोरी बसल्या होत्या आणि मी ब्लाउजचा गळा कसा कापायचा ते दाखवत होते. फोन विश्वनाथअप्पांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा. ते एवढंच म्हणाले, "मंदाताई, या. ती गेली." सकाळी अंगण झाडून आत आली, छातीत कळ आली म्हणाली, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत... मी कापड तसंच टाकलं आणि पाथरीची एसटी धरली. पोहोचले तेव्हा तिला भिंतीला टेकवून बसवलं होतं. त्यांच्या लिंगायतांत माणसाला बसवूनच निरोप देतात. कपाळभर विभूती, गळ्यात बेलाचा हार, तळहातावर लिंग. शाळेपासूनची मैत्रीण माझी, पण इतकं गप्प बसलेलं मी तिला कधीच पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी जिल्ह्यातल्या कबड्डी मंडळाचा शोकसंदेश मोबाइलवर फिरायला लागला. 'ज्येष्ठ क्रीडाप्रेमी महानंदाताई यांचे दुःखद निधन.' क्रीडाप्रेमी! टीव्हीसमोर शेंगा खात मॅच बघणारा माझा दीरही क्रीडाप्रेमीच आहे. अहो, महानंदा पंच होती. मुलींच्या कबड्डीत शिट्टी घेऊन मधोमध उभी राहणारी पंच. तो एक शब्द लिहायला यांच्या बोटांना काय झालं होतं ते मला माहीत आहे, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आम्ही दोघी पाथरीच्या शाळेत एका संघात खेळलो. तिची वेणी कमरेखाली यायची. कापू देत नव्हती तिची आई. खेळताना ती वेणी सलवारीच्या नाडीत खोचायची, पण चढाईत पोरगी वळली की वेणी सुटायचीच, आणि समोरच्या संघातल्या भवान्या नेमकी तीच धरून ओढायच्या. केस धरून ओढायचं नाही असा नियम आहे. पण पंच म्हणून जे गुरुजी असायचे ते बिचारे भले लोक. पोरींच्या अंगाकडं कसं बघावं या संकोचानं ते मॅचभर जमिनीकडं बघायचे. आम्ही ओरडायचो, "सर, केस धरले!" ते म्हणायचे, "मला दिसलं न्हाई, खेळा." एकदा महानंदाच्या मानेला इतका हिसका बसला की ती आठवडाभर मान वाकडी करून फिरत होती. तेव्हाच म्हणाली होती, "मंदे, पोरींच्या मॅचला बाईच पंच पाहिजे. जिला बघायची लाज वाटत न्हाई अशी."

बोलून दाखवतात सगळ्या. हिनं करून दाखवलं. शाळेत खेळाची बाई म्हणून लागली, पंचाची परीक्षा दिली, पास झाली. लग्न मोंढ्यातल्या भुसार दुकानदाराच्या घरात झालेलं. पंचाचा पोशाख म्हणजे पांढरा टी-शर्ट आणि काळी पँट. सासूबाईंनी पँट बघून दोन दिवस तोंड फिरवलं. विश्वनाथअप्पा मवाळ माणूस, ते म्हणाले, "घालायची तर घाल, पण मोंढ्यातून चालत जाऊ नको." ही मुद्दाम मोंढ्यातूनच गेली. हमाल पोती खांद्यावर घेऊन तसेच उभे राहिले म्हणे. घरी येऊन अप्पांना सांगते कशी, "समद्यांनी बघून घेतलंय. आता उद्यापासून कुणी बघणार न्हाई." आणि खरंच, नंतर कुणी बघितलं नाही. गळ्यात लिंगाचा दोरा आणि शिट्टीचा दोरा असे दोन दोरे घालून ही बाई वर्षानुवर्षं गावोगाव फिरली. जीपमध्ये, एसटीत, कुणाच्या दुचाकीवर मागं बसून.

लोकांना वाटतं पंचाला काय, शिट्टी वाजवायची. मी तिच्याबरोबर पुष्कळदा गेले आहे, म्हणून सांगते. चढाई करणारीचा दम तुटला का ते कानानं ऐकायचं, आणि भोवती हलगी वाजत असते. तिचा पाय मध्यरेषेवर पडला का ते बघायचं, आणि चुन्याच्या फक्कीची रेषा अर्ध्या तासात पायांनी पुसून गेलेली असते. सात पोरी एकीवर पडल्या की त्या ढिगात कुणाचा हात रेषेला पोचला ते शोधायचं. डोळ्यांत धूळ, डोक्यावर ऊन. शिवाय पोरींचे बाप, काके, मामे दोरीला लोंबकळून बाहेरून निकाल देत असतात. पुन्हा बाईनं निकाल दिला की तो चुकीचाच असणार हे त्यांना आईच्या पोटातूनच माहीत असतं. बाप्या पंच चुकला तर नजरचूक. बाई बरोबर असली तरी, "हिला काय कळतंय?"

आता त्या फायनलचं सांगते. गंगाखेडकडचं एक मोठं गाव. नाव लिहीत नाही, तिथल्या दोघीतिघी माझ्याकडं अजून शिवण शिकायला येतात. यजमान गावाचा संघ आणि पाथरीचा संघ. जिंकेल तो संघ राज्याच्या स्पर्धेला जाणार होता. स्टेजवर त्या भागाचे साहेब, मंडळाचे सचिव, हार, नारळ, सगळा थाट. शेवटच्या चढाईला गुण सारखे. पाथरीची पोरगी दम धरून आत गेली, कुणाला हात लागला नाही, मागं वळली, यजमानांच्या एकीनं तिला धरायला झेप घेतली, पोरगी निसटली आणि मध्यरेषा ओलांडून परत आली. सगळ्यांना वाटलं मॅच बरोबरीत सुटली. पाथरीच्या पोरीसुद्धा हात कमरेवर ठेवून उभ्या राहिल्या. आणि महानंदानं शिट्टी फुंकली. झेप घेणारीकडं हात करून म्हणाली, "बाद." वळताना चढाईवालीची वेणी त्या पोरीच्या मनगटाला लागली होती. केस म्हणजे अंगच. लागलं ते लागलं.

गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं हो! कुणीही मागितला नव्हता तो गुण.

आधी लोक हसले. "वेणीनं गडी बाद होतो व्हय? उद्या म्हनशील सावली लागली!" मग कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "पाथरीची हाय, पाथरीलाच देणार." झालं. मैदानात माणसं घुसली. माइकवरून साहेब म्हणाले, "ताई, पुन्हा एकदा विचार करा." सचिव धावत आले, हात जोडून म्हणाले, "ताई, बरोबरी द्या. पाच मिनिटं परत खेळवू. समदे खूश." महानंदा त्यांच्याकडं बघत म्हणाली, "गडी बाद हाय. समद्यांना खूश करायला मी काय बारशाला आलेय का?" मला तेव्हाही हसू आलं होतं, आणि लगेच पहिलं ढेकूळ आलं.

आम्ही दोघींनी शाळेच्या एका खोलीत कोंडून घेतलं. वर पत्रे, पत्र्यावर धोंडे. मी तर देव आठवत होते. ती बुटांच्या नाड्या सोडून परत परत बांधत होती. मी चिडून म्हटलं, "अगं, एका गुणापायी जीव जाईल! दिसलं न्हाई म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?" तिनं वर बघितलं. "मंदे, आपल्या टायमाला ते सर दिसलं न्हाई, दिसलं न्हाई म्हणायचे, तवा आपण त्यांना काय म्हणायचो?" काय म्हणायचो ते इथं छापण्यासारखं नाही. ज्या पोरीला बाद दिलं तिच्याबद्दल मात्र ती एक अक्षर वाईट बोलली नाही. "तिला कळलं होतं लागल्यालं. मनगट लपवलं तिनं. पण पोर काय करंल? तिला त्याच गावात ऱ्हायचंय."

आठवड्याभरात मंडळानं 'तांत्रिक कारणास्तव' निकाल फिरवला. यजमानांचा संघ राज्याला गेला. पाथरीच्या पोरींना कुणी चहासुद्धा पाजला नाही. आणि महानंदाला... काढून टाकलं असतं तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं. तसं नाही केलं, लय हुशार लोक. पुढच्या वर्षी तिला गुण लिहायच्या टेबलावर बसवलं. त्याच्या पुढच्या वर्षी स्वागताला, पाहुण्यांना गुलाबाचं फूल द्यायला. "ताई, तुमचा अनुभव मोठा हाय, उन्हात कशाला उभं राहता?" किती काळजी! माझ्या तर अंगाचा तिळपापड व्हायचा. मी म्हणायचे, "जाऊ नको. थोबाडावर मार त्यांच्या ते फूल." ती बूट पांढरे करत बसलेली असायची. फूल द्यायला जातानाही तोच टी-शर्ट, तीच पँट. म्हणायची, "गेले न्हाई तर म्हणतील, चुकली होती म्हणून घरी बसली."

यंदा सचिवांचा फोन आला होता. "ताई, या वर्षी फायनल तुमची." मला परभणीला फोन करून सांगताना तिचा आवाज शाळेतल्या पोरीसारखा झाला होता. केस पार पिकले होते, गुडघे दुखायचे. तरी रोज पहाटे गल्लीतून धावायला लागली. मी पण गेले बघायला. फायनल सुरू व्हायच्या आधी तिचं नाव पुकारलं. ही शिट्टी हातात घेऊन मैदानात निघाली, तर सचिव म्हणाले, "तिकडं न्हाई ताई, इकडं, स्टेजवर." सत्कार होता. शाल, श्रीफळ, फोटो. तोवर तिकडं दुसऱ्याची शिट्टी वाजून खेळ सुरू झालाही. परतीच्या एसटीत ती म्हणाली, "शाल घालून बांधून टाकलं गं मला." पाथरीला उतरताना माझा हात दाबला. ती आमची शेवटची भेट.

डॉक्टर म्हणाले हृदयविकार. असेल. मला विचाराल तर तिला त्या शालीनं मारलं.

आणि आता हे ऐका. महिना होतो न होतो तोच मंडळानं तिच्या नावानं स्पर्धा जाहीर केली. निवडणुका तोंडावर होत्या, साहेबांना माणसं गोळा करायची होती आणि महानंदा सोयीच्या वेळी मेली होती. मला बोलावणं आलं, जिवलग मैत्रीण म्हणून पहिल्या रांगेत खुर्ची. विश्वनाथअप्पा म्हणाले, "मला बघवणार न्हाई, तुमी जाऊन या." गेले. स्टेजवर तिचा चौकटीतला फोटो, प्लास्टिकचा हार. साहेबांनी दिवा लावला. भाषणात म्हणाले, ताई म्हणजे निःपक्षपातीपणाचा आदर्श. मी दातांवर दात धरून बसले.

फायनलला साहेबांच्या गावचा संघ होताच. शेवटची दोन मिनिटं, तेच एका गुणानं पुढं. समोरची चढाईवाली आत आली, पाय लांबवला, साहेबांच्या संघातल्या एका बारक्या पोरीच्या पोटरीला चाटवला आणि परत गेली. पहिल्या रांगेतून मला स्वच्छ दिसलं. पंच दोन हातांवर उभा होता, त्यालाही दिसलं असणार. त्यानं शिट्टी वाजवली नाही. तेवढ्यात त्या बारक्या पोरीनं आपण होऊन हात वर केला आणि बाहेर निघाली. पंच ओरडला, "ए, कुठं चाललीस? आत हो. लागलं न्हाई तुला." ती गोंधळून थांबली. "लागलं ना सर. हे बगा, हितं." स्टेजवरून माइकवर आवाज आला, "खेळ चालू ठेवा." लोक हसले. तिच्या प्रशिक्षकानं दंडाला धरून तिला आत ढकललं. ती पोर पोटरीवर हात ठेवून तशीच उभी राहिली, रडायलाच आली होती. अन् संघ जिंकला तिचा.

मी उठले, स्टेजवर चढले, प्लास्टिकचा हार काढून साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि फोटो काखेत मारला. सचिव आडवे आले, "मावशी, हे काय करायलात? बक्षीस समारंभ व्हायचाय!" मी म्हटलं, "करा की. तिला कशाला बसवून घेताय तिथं?" माझा आवाज फाटला होता, माइकवर गेला असणार, कारण मागच्या रांगांतलेही उठून बघायला लागले. कुणी अडवलं नाही.

फोटो आता माझ्या शिवणाच्या खोलीत आहे, मशीनच्या समोरच्या भिंतीवर. पोरी विचारतात ही कोण, मी सांगते. मंडळाचे फोन येतात, फोटो परत करा. मी देत नाही. त्यांचं काही अडलं नाही म्हणा, त्यांनी मोबाइलमधला काढून केवढा तरी मोठा फ्लेक्स छापून घेतला आहे. पुढच्या वर्षीही स्पर्धा घेणार आहेत, तिच्याच नावानं. घेऊ द्या. मी जाणार आहे. खुर्चीवर बसणार नाही, दोरीला धरून उभी राहणार आहे, त्या काकामामांच्या मधोमध. खरं सांगणाऱ्या पंचाला या लोकांनी जन्मभर शिव्या घातल्या... खोटं सांगणाऱ्याला घालायला कुणीतरी नको?