सड्यावरची सकाळ

गडहिंग्लजच्या बाजारात रत्नव्वाचं भांड्यांचं दुकान होतं. नवरा गेला तेव्हा मुलगा सोमेश रांगत होता. तेव्हापासून गल्ल्यावर तीच बसली. बोलणं रोखठोक, आणि आवाज असा, की पलीकडच्या दुकानातलं गिऱ्हाईकही वळून बघायचं. सून शिवलीला कमी बोलायची. ती डी.एड. झालेली होती. नेसरीच्या शाळेत जागा निघाली तेव्हा रत्नव्वा एवढंच म्हणाली, "मग दुकानात कोण बसायचं?" त्यानंतर दोघींचं बोलणं कामापुरतं उरलं.

२००३ च्या डिसेंबरात सोमेशनं दोघींना राधानगरीच्या जंगलात तंबूत राहायला नेलं. घराबाहेर पडल्या तर चार शब्द बोलतील, असं त्याला वाटलं. पण नेहमीच्या तळावर सहलींच्या बस लागल्या होत्या, स्पीकर दणाणत होता. वनरक्षक गुंडू म्हणाला, "पावणं, शांत जागा पायजे तर वर सड्यावर जावा. कातळाचं पठार हाय, कोण फिरकत न्हाय. पर गवा दिसला तर पळायचं न्हाय आणि वरडायचं तर अजिबात न्हाय."

सड्यावर खरंच कुणी नव्हतं. रात्र थंडीत कुडकुडत सरली. सकाळी रत्नव्वा तंबूबाहेर आली तेव्हा धुकं दाट होतं. कळशी जागेवर नव्हती. शिवलीला खालच्या ओढ्यावर गेली असणार. रत्नव्वानं तीन दगडांची चूल मांडली, काटक्या मोडल्या.

वाऱ्यानं धुकं जरा हललं आणि तिचा हात थांबला. ओढ्याच्या वाटेवर, करवंदीच्या जाळीला लागून, गव्याची मादी उभी होती. काळीभोर, पाय तेवढे पांढरे. पोटाशी पिल्लू. आणि जाळीच्या पलीकडून शिवलीला कळशी कमरेवर घेऊन, खाली बघत वर चढत होती. जाळीमुळं तिला काहीच दिसत नव्हतं.

हाक घशापर्यंत आली. रत्नव्वानं ती गिळली. ओरडावं तर जनावर बिथरणार, गप्प राहावं तर पोरगी थेट शिंगांवर जाणार. ती उठली आणि बाजूच्या उघड्या कातळावर, एकेक पाऊल टाकत, सुनेच्या नजरेच्या टप्प्यात गेली. तळहात वर धरला.

मादीनं मान वळवली. आता ती रत्नव्वाकडं बघत होती.

शिवलीलानं डोकं वर केलं. सासू असा हात वर धरून का उभी आहे, ते तिला कळेना. घरात हाच हात बोलणं तोडायला वर व्हायचा. क्षणभर तिच्या कपाळावर आठी आली, एक पाऊल पुढं पडलं. मग तिला जाळीमागचा फुत्कार ऐकू आला आणि ती थिजली.

तेवढ्यात तंबूतून सोमेशचा झोपाळू आवाज आला, "अव्वा, च्या झाला काय?"

मादी उसळून रत्नव्वाच्या दिशेनं चारदोन पावलं धावली. खुरांखालचे खडे उडाले. रत्नव्वा जागची हलली नाही. डोळे मात्र मिटले. कुणाचं नाव घ्यावं तेही तिला सुचेना. नुसता तो जड श्वास ऐकू येत होता. मग काटक्या मोडल्याचा आवाज झाला. डोळे उघडले तेव्हा पिल्लू जाळीच्या खालच्या अंगानं रानात शिरत होतं आणि मादी त्याच्या मागं वळली होती.

मग शिवलीला वर आली. कळशी अर्धी सांडली होती.

"अत्ती, तुमी बघितलं हुतं, मग हाक का मारली न्हाई?" तिनं रागानं विचारलं.

"हाक मारली असती तर ती तुज्यावर गेली असती," रत्नव्वा म्हणाली आणि कातळावर मटकन बसली. "म्हणून माज्याकडं वळू दे म्हटलं."

शिवलीलानं उरलेल्या पाण्यातलं ओंजळभर सासूच्या तोंडावर मारलं आणि शेजारी टेकली.

परतताना जीपमध्ये रत्नव्वानं विचारलं, "त्या शाळेतली जागा भरली काय गं?"

"भरली की. कवाच."

"मग दुसरी बघ."

दुसरी मिळायला दीड वर्ष गेलं, तीही गावापासून लांब. दोघी पुढंही भांडल्या, कधी मिठावरून, कधी दुकानात कामाला ठेवलेल्या पोरीवरून. पण आता शिवलीला गप्प बसत नसे, तोंडावर बोलून मोकळी व्हायची, आणि रत्नव्वा ते ऐकून घ्यायची.