दहा वाजताचं पाणी

हिरामण तांडेलाला समुद्रातलं काहीही विचारा, उभ्याउभ्या सांगेल. घड्याळाचं नाव काढलंत तर आधी चार शिव्या ऐकाल. वादळात त्याची बोट फुटली. मग श्रीवर्धनच्या अलीकडे खारं पाणी गोडं करायचा कारखाना आला आणि पाणी तपासायला त्यालाच घेतलं. गाव खूश झालं. हिरामण आहे तिथे, आता काळजी कसली!

काम तसं सोपं. रोज सकाळी दहाला समुद्राचं पाणी ठरावीक दाबाने एका पातळ कागदातून गाळायचं. अर्धा लिटर गाळायला किती सेकंद लागले ते लिहायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. त्यातून एक आकडा निघतो. तो तीनच्या आत असला तर मीठ अडवणारे पडदे खुशाल चालतात, पाचवर गेला तर चोंदतात. वहीत हिरामणचा आकडा कायम तीनच्या आत, खाली त्याची सही.

पण पुनवे-अवसेला सकाळी दहाला इथे भरती चढत असते, पाणी नितळ. उधाणाची खोल ओहोटी लागते ती संध्याकाळी सहाला, आणि तेव्हा कारखान्याचा पाइप तळाचा गाळ ओढतो. एवढ्या शिकलेल्या माणसांपैकी एकालाही हे सुचलं नाही. हिरामणने एका अवसेला थांबून सहाचं पाणी गाळलं. कागद चहाच्या रंगाचा झाला, आकडा आला सहा.

कागद घेऊन तो कारखान्याचे मॅनेजर पियूष साहेब यांच्याकडे गेला. "साहेब, उधाणाच्या ओहोटीला पंप बंद ठेवा, न्हायतर पडदे जातील."

"हिरामणकाका, तपासणी दहाची ठरलीय. वरती तेवढीच लागते. उगाच घोळ नको."

बोटीवर कुणाचं ऐकून न घेणारा हा माणूस दहाच्याच आकड्याखाली सही करत राहिला. या वयात दुसरी नोकरी कोण देणार होतं? पुढे दर उधाणाला तो सहाचा एक कागद डब्यात टाकायचा, मागे तिथी लिहून. अकरा कागद झाले.

मे महिन्यात पडदे चोंदले, कारखान्यातून गावाला येणारं पाणी बंद झालं. नवे यायला दोन महिने. विहिरी आधीच खारावलेल्या, त्यामुळे गावात टँकर सुरू झाला.

संध्याकाळी त्याची बायको येसूबाई अर्धा हंडा घेऊन घरी आली. "बायका म्हनत व्हत्या, हिरामण हाय म्हनून आमी निवांत व्हतो."

हिरामणला ते सोसवेना. त्याने डबा उघडून तिच्यापुढे ठेवला. येसूबाईने एकेक कागद उजेडात धरला.

"ह्यो गाळ तुमाला ठाव व्हता?"

"व्हय."

"आनि वहीत सही कुनाची?"

"माझी."

तिने कागद पुन्हा डब्यात भरले आणि डबा त्याच्या हातात दिला. "मंग मला कशाला दाखवता? टँकरवर जाऊन दाखवा."

टँकरपाशी रांग अजून उभी होती. हिरामण डबा घेऊन निघाला. वादळात बोट फुटताना त्याला भीती वाटली नव्हती, ती आता आपल्याच गावातल्या बायकांची वाटली.